अठ्ठावीस दिवसांचा महिना

आमच्या घरात महिने तीन प्रकारचे आहेत. एक पगाराचा, तीस-एकतीस दिवसांचा. दुसरा चांद्र महिना, एकोणतीस किंवा तीस दिवसांचा, ज्यावर आमचे रोजे आणि ईद ठरतात. तिसरा मोबाइल कंपनीचा, तो अठ्ठावीस दिवसांचा. म्हणजे कंपनीचा महिना चंद्राच्या महिन्यापेक्षाही तोकडा. चंद्र निदान आभाळात दिसतो, लहान-मोठा होताना कळतो. कंपनीचा महिना संपला हे कॉल बंद पडल्यावर कळते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित आणि मराठी शिकवते. बी.एड. आहे, पण तुकडी विनाअनुदानित, त्यामुळे पगार सांगण्यासारखा नाही. मुलांना मी हेच गणित फळ्यावर घातले होते. अठ्ठावीस गुणिले तेरा किती? तीनशे चौसष्ट. म्हणजे वर्षात पगार बारा आणि रिचार्ज तेरा. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "टीचर, तेरावा पगार कोण देतो?" सगळा वर्ग हसला. उत्तर माझ्याकडेही नव्हते.

जून २०२४च्या अखेरीस दरवाढ जाहीर झाली. २७ जूनला जिओने जाहीर केले, दुसऱ्या दिवशी एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने. पहिल्या दोन कंपन्यांचे नवे दर ३ जुलैपासून, तिसरीचे ४ जुलैपासून. रोज दीड जीबी देणारा जिओचा अठ्ठावीस दिवसांचा पॅक २३९ रुपयांचा होता, तो २९९ झाला. एका रिचार्जमागे साठ रुपये, तेरा वेळा म्हणजे वर्षाला ७८०, एका फोनमागे. घरात असे दोन-तीन फोन असतील, तर त्या पैशांत मुलांची वह्या-पुस्तके येतात. एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाचा सगळ्यात स्वस्त महिना १७९चा होता, तो १९९ झाला. जिओचा १५५ होता, तो १८९ झाला. त्याच्या खाली नंबर चालू ठेवायचा दुसरा नेहमीचा मार्ग या तिन्ही कंपन्यांकडे जवळजवळ राहिला नाही.

आम्ही फुलपाड्यात राहतो, विरार पूर्वेला, पापडखिंड धरणाच्या बाजूला. त्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात दुसरा विषय नव्हता. कोणी जुन्या दराने आगाऊ रिचार्ज करून ठेवत होते, कोणी पोर्ट करायची भाषा करत होते. माझे मिस्टर वालीवला एका कारखान्यात कामाला जातात. ते म्हणाले, "बोलून काय उपयोग? फोनशिवाय सुपरवायझर कामावरसुद्धा घेत नाही." खरे होते. तांदूळ महागला तर माणूस चार दिवस भाकरी खातो. फोनच्या जागी काय खाणार?

आपल्याकडे प्रीपेडवाल्याला बंधन नसते, असे म्हणतात. विलायतेत दोन-दोन वर्षांचे करार असतात, मध्येच सोडले तर दंड भरावा लागतो. इथे करार नाही. आज वाटले, आज सोडले. पण नीट पाहिले तर मध्येच सोडण्याची किंमत इथेही आहे, फक्त तिला दंड म्हणत नाहीत. तुम्ही चौऱ्याऐंशी दिवसांचे पैसे भरले आणि चाळिसाव्या दिवशी निघालात, तर उरलेले चव्वेचाळीस दिवस तिथेच राहतात. शिल्लक रक्कमही तुमच्याबरोबर येत नाही. पोस्टपेडवाल्याला आलेले बिल चुकते केल्याशिवाय निघता येत नाही, आणि काही लेखी करार केला असेल तर त्यातली अट पुरी करावी लागते. बाजारात शिवलेला कपडा आवडला नाही तर दुकानदार निदान बदलून देतो. भरलेले दिवस कोणी बदलून देत नाही.

माझ्यापुढचा प्रश्न मात्र माझ्या फोनचा नव्हता, अम्मीच्या फोनचा होता.

अम्मीकडे बटणांचा फोन आहे. तिला त्यावर दोनच गोष्टी येतात, हिरवे बटण दाबणे आणि लाल बटण दाबणे. तिचा कंपनीचा महिना १९९चा झाला आणि त्यात दोन जीबी डेटाही होता. ज्या फोनला इंटरनेट माहीत नाही त्याला दोन जीबी डेटा म्हणजे रोजा धरलेल्या माणसापुढे ठेवलेले ताट. मी तिला समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग तेवढे काढून घ्यायला सांग त्यांना, मला नको." मी हसले, पण तिचे म्हणणे हसण्यासारखे नव्हते. भाजीवाल्याने पावशेर मिरचीबरोबर सक्तीने किलोभर वांगी दिली असती, तर आम्ही भांडलो नसतो का?

शेजारच्या बाईंनी सोपा उपाय सांगितला. नवे सिम घ्या, जुने टाकून द्या. पण तो नंबर अम्मीचा नव्हता, अब्बांचा होता.

अब्बा शिवणकाम करत. नालासोपाऱ्यात त्यांचे छोटे दुकान होते. २००६ साली त्यांनी ९९९ रुपये भरून एक लाइफटाइम कार्ड घेतले. त्या दिवसांत हे मोठे आकर्षण होते. २००३पर्यंत तर येणाऱ्या कॉलचेही पैसे द्यावे लागत. ते थांबले, आणि दोन-तीन वर्षांत ही आजन्म इनकमिंगची योजना आली. एकदा पैसे भरा, मग आयुष्यभर फोन येत राहील. अब्बांनी तो नंबर दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतला, कपड्यांच्या पिशव्यांवर छापला, माझ्या निकाहच्या पत्रिकेवर टाकला. श्रीवर्धनकडच्या आमच्या सगळ्या नातेवाइकांना तो तोंडपाठ झाला. कोणाच्या घरी मयत झाली, कोणाला मुलगा झाला, कोण हजला निघाले, सगळे त्या नंबरावर आले.

लाइफटाइम म्हणजे कोणाचे आयुष्य, हा प्रश्न अब्बांना कधी पडला नाही. नियामक मंडळाच्या लेखी त्याचा अर्थ कंपनीकडे सेवा देण्याचा सरकारी परवाना असेपर्यंत, एवढाच होता. २०१८च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी नवी पद्धत आणली. येणारे कॉल चालू ठेवायचे तर दर अठ्ठावीस दिवसांनी किमान रिचार्ज हवा, सुरुवातीला ३५ रुपयांचा. अब्बा दुकानात बसून त्या मेसेजकडे बराच वेळ पाहत होते. "आपण तर आयुष्यभराचे भरले होते ना?" एवढेच म्हणाले. मग ३५ रुपये भरले. ते २०२२ साली गेले. ३५चे तोवर अनेक पटींनी झाले होते. नंबर चालूच राहिला. अम्मीने त्यांचा फोन उशाशी घेतला आणि नंतर तो तिचाच झाला.

माझा भाऊ दुबईत आहे. तिथे व्हॉट्सअॅपवर संदेश येतात-जातात, पण त्यावर कॉल लावण्याची सोय तिथल्या सरकारने दिलेली नव्हती. आणि दिली असती तरी अम्मीच्या बटणांच्या फोनला तिचा काय उपयोग? तो जुम्याला साधा फोन लावतो, अब्बांच्याच नंबरावर. एखाद्या जुम्याला "ही सेवा तात्पुरती बंद आहे" असे त्याच्या कानावर पडले, तर परक्या मुलखात त्याच्या मनात काय काय येईल, याचा विचार कोणत्याही दरपत्रकात केलेला नसतो.

म्हणून ठरवले की नंबर ठेवायचा आणि कंपनी सोडायची. ही सोय आपल्या देशात नोव्हेंबर २०१०मध्ये हरियाणात सुरू झाली, २० जानेवारी २०११पासून देशभर आली, आणि ३ जुलै २०१५पासून एका राज्यातला नंबर दुसऱ्या राज्यात नेणेही शक्य झाले. रीत सोपी आहे. 'पोर्ट' असे इंग्रजीत लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि १९०० या क्रमांकावर मेसेज पाठवायचा. एक सांकेतिक आकडा येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तेवढ्यात आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचे. त्याच विभागात असाल तर तीन कामकाजाच्या दिवसांत काम होते. पूर्वी स्वस्त पॅकमध्ये मेसेजची सोयच नसे, म्हणजे ज्याला पैशांसाठी कंपनी सोडायची आहे त्यालाच निघता येत नसे. डिसेंबर २०२१मध्ये ट्राय या नियामक मंडळाने सांगितले की पॅक कोणताही असो, १९०० वर मेसेज गेलाच पाहिजे. गरिबाच्या बाजूने असे छोटे छोटे नियम कधीकधी होतात. ते आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, एवढेच.

पण नंबर अब्बांच्या नावावर. नव्या कंपनीत नंबर नेताना त्याच नावाचे ओळखपत्र लागते. म्हणून आधी जुन्या कंपनीत नाव बदलणे भाग होते. अम्मीला घेऊन मी त्यांच्या गॅलरीत गेले. काचेचे दार, आत गारवा, हातात टोकन. काउंटरवरचा मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याने नंबर टाकला, पडद्यावरचे नाव वाचले आणि म्हणाला, "ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या. त्यांचा फोटो काढावा लागेल."

अम्मी शांतपणे म्हणाली, "बेटा, ते येण्यासारखे असते तर मी इथे आले असते का?"

मुलाने मान खाली घातली. त्याचाही दोष नव्हता. त्याच्या पडद्यावर जिवंत आणि मेलेला यांच्यासाठी वेगळा रकाना नव्हता. त्याने साहेबांना विचारून कागदांची यादी लिहून दिली. मृत्यूचा दाखला, अम्मीचे आधार, नाते दाखवणारा कागद, मुलांची हरकत नसल्याची पत्रे. भावाचे पत्र दुबईहून यायला दोन आठवडे गेले. आम्ही तीन फेऱ्या मारल्या. फुलपाड्याहून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, पावसातले खड्डे आणि अम्मीचे गुडघे. ऑगस्टच्या सुरुवातीला नाव बदलले आणि नवे सिम मिळाले.

इथे आणखी एक नियम कळला. १ जुलै २०२४पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टचा आकडा मिळत नाही. एखाद्या भामट्याने आपल्या नावाचे दुसरे सिम काढून नंबरच पळवू नये, म्हणून हा नियम आहे. चांगला नियम आहे, आम्ही थांबलो. शिवाय एकदा कंपनी बदलली की नव्वद दिवस पुन्हा हलता येत नाही. म्हणजे निघण्याआधी कुठे जायचे हे नीट ठरवायला हवे.

सात दिवस झाले तेव्हा अम्मीच्या जुन्या रिचार्जचा महिनाभर बाकी होता. चौऱ्याऐंशी दिवसांचा पॅक जूनमध्ये, दरवाढीच्या आधी भरला होता. मिस्टर म्हणाले, "आता कशाला थांबायचे? सोडून टाक." मी कागदावर हिशेब मांडला. अम्मीने तो पाहिलाही नाही. म्हणाली, "तुझ्या अब्बांनी उरलेला धागासुद्धा फेकला नाही कधी. भरलेले दिवस संपू दे." मला ते पटले. रागाच्या भरात निघालो असतो तर तोटा आमचाच होता, कंपनीला तर महिनाभराची सेवा वाचली असती. सप्टेंबरात शेवटचा आठवडा उरला तेव्हा मी १९०० वर मेसेज पाठवला. मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी नंबर बीएसएनएलमध्ये गेला. तिथे त्या वेळी १०७ रुपयांत पस्तीस दिवस मिळत होते. वर्षाचा खर्च अडीच हजारांवरून अकराशेच्या आसपास आला. त्यांचे देशभराचे फोर-जी तेव्हा यायचे होते, ते २७ सप्टेंबर २०२५ला जाहीर झाले. पण बटणांच्या फोनला फोर-जी काय आणि टू-जी काय. पुढे त्या १०७च्या योजनेचेही दिवस कमी करण्यात आले. म्हणजे स्वस्ताई कायमची नसते, हा धडाही मिळाला.

आमच्यासारखे बरेच जण निघाले होते. ट्रायच्या आकड्यांप्रमाणे एकट्या जुलै २०२४मध्ये बीएसएनएलचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले. एअरटेलचे सुमारे १७ लाख, व्होडाफोन आयडियाचे १४ लाख आणि जिओचे साडेसात लाख कमी झाले. ऑगस्टमध्येही तीच दिशा राहिली. मात्र वर्षअखेरीस वारे फिरले आणि बीएसएनएलचे ग्राहक पुन्हा कमी होऊ लागले. दर काही खाली आले नाहीत. सरकारने जुलैतच सांगितले होते की दर बाजार ठरवतो, नियामक फक्त लक्ष ठेवतो. मग निघून जाण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारेल. मला वाटते, सौदा हा दोघांच्या राजीखुशीचा असतो. एकाने भाव बदलला तर दुसऱ्याला उठून जाता आले पाहिजे. उठून गेल्याने भाव उतरेलच असे नाही, पण उठताच येत नसेल तर तो सौदा राहत नाही.

डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने आणखी एक नियम केला. ज्यांना फक्त बोलायचे आहे आणि मेसेज पाठवायचे आहेत, त्यांच्यासाठी डेटा नसलेले पॅक कंपन्यांनी ठेवलेच पाहिजेत. जानेवारी २०२५मध्ये ते आले, चौऱ्याऐंशी दिवसांचे आणि वर्षाचे. त्या वेळी एकदम साडेचारशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त मोजावे लागत, हा त्यांतला काटा. ज्याच्या हातात एका वेळी दोनशे रुपये येतात, त्याने काय करायचे? तरी अम्मीचे "तेवढे काढून घ्यायला सांग" हे म्हणणे कोणीतरी ऐकले, असे मला वाटून गेले.

हे सगळे मी इतक्या बारकाईने का सांगते? शाळेमुळे. वर्गशिक्षिकेकडे पालकांच्या नंबरांची एक वही असते. त्या पावसाळ्यात माझ्या वहीत नंबरांपुढे फुल्या वाढू लागल्या. लावला की बंद. एके दिवशी आठवीतल्या एका मुलीला वर्गात सडकून ताप भरला. आईचा नंबर बंद, बापाचा नंबर बंद. शेवटी शिपाई मावशी तिला रिक्षात घालून घरी सोडून आल्या. आई घरातच होती, इमिटेशनच्या माळा ओवत. दुसऱ्या दिवशी ती शाळेत येऊन म्हणाली, "टीचर, या महिन्यात एकाच फोनमध्ये पैसे टाकता आले. तो मोठ्या मुलाकडे आहे, त्याला कामाचे फोन येतात." तिला कोणाला फोन करायचा नव्हता. तिच्या मुलीला ताप आला हे तिला कळायला हवे होते, एवढेच. येणारा फोन ही चैन नाही. ती दाराची कडी आहे. बाहेरच्याने वाजवली तरच आतल्याला कळते.

तेव्हापासून पालक सभेत मी दहा मिनिटे यासाठी काढते. १९०० चा मेसेज सांगते. तीस दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेचा, असा एकेक पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे, असा २०२२पासूनचा नियम आहे, तो सांगते. प्रीपेड नंबर वापराविना नव्वद दिवस बंद करता येत नाही, आणि खात्यात वीस रुपये असतील तर ते कापून आणखी तीस दिवस नंबर राखता येतो, हा २०१३चा नियम सांगते. आणि सगळ्यांत आधी विचारते, की तुमच्या हातातला फोन कोणाच्या नावावर आहे? बहुतेक बाया एकमेकींकडे बघतात. नवऱ्याच्या, दिराच्या, नाहीतर रस्त्यावर सिम विकणाऱ्याने टाकलेल्या कुठल्यातरी नावावर. नंबर आपला असे आपण म्हणतो. खरे तर तो कंपनीचाही नसतो, तो सरकारी मालमत्ता असतो, आपल्याला फक्त वापरायला दिलेला. अमानतच म्हणा ना. पण ती अमानत ज्याच्या नावावर, तिच्याबद्दल बोलायचा हक्क त्याचाच.

अम्मीच्या नावावर आयुष्यात फार काही झाले नाही. घर अब्बांच्या नावावर, दुकानाचा गाळा अब्बांच्या नावावर, विजेचे बिल अजूनही अब्बांच्या नावाने येते. नव्या कंपनीचा पहिला मेसेज आला तेव्हा तिने मला तो वाचायला लावला. इंग्रजीत तिचे नाव होते, पूर्ण, माहेरच्या स्पेलिंगने. "माझेच आहे?" तिने विचारले. मी म्हटले, हो, तुझेच. तिने फोन पदराने पुसला.

दुबईचा भाऊ, श्रीवर्धनची खाला, दुकानाचे जुने गिऱ्हाईक, सगळ्यांच्या फोनमध्ये तो नंबर आजही अब्बांच्या नावाने आहे. माझ्याही. अम्मीचा फोन आला की माझ्या पडद्यावर अब्बा येतात. मी तिला म्हटले, आता बदलू का? ती म्हणाली, "कागदावर माझे नाव आले, तेवढे पुरे. तुम्हा पोरांच्या फोनमध्ये त्यांचेच राहू दे."